गोटीवरची साय

दुधावर धरते तशी एक पातळ साय गोटी नावाच्या त्या इवल्या चंद्रावर चढवली होती. ती वाहत राहिली तर ऊन अडायचं. थांबली की फाटायची आणि खालची माणसं भाजून निघायची. आता गोल अंगावरचं वाहणं कुठेतरी थांबणारच, तिथं ब्रह्मदेवाचंही चालत नाही. म्हणून मंदाकिनीबाई अख्ख्या चंद्राचे त्रिकोण पाडून हिशेब करायच्या. वस्तीवर बारीक त्रिकोण, ओसाड खाणीवर एकच भलामोठा; आणि सायीचा थांबा रोज त्या खाणीवर ढकलायचा.

रात्रपाळीहून परतलेले दिगंबरराव झोपण्याआधी बायकोला फोन करायचे. "आज थांबा कुणाच्या डोक्यावर ठेवलास?"

"तुमच्या!" बाई म्हणायच्या, आणि दोघंही हसायची.

त्या सकाळी मात्र खाणीतून फोन आला. "बाई, वस्तीत जागा मिळेना म्हणून कालच पोराबाळांसकट इथं राहायला आलोय. वरची साय हलेनाशी झालीय हो!"

बाकी गोटी माणसांनी खच्चून भरलेली. एका फोनसरशी रिकामं होईल असं एकच घर बाईंना सुचलं. त्यांनी थांबा तिकडे वळवला. असा ऐनवेळी तो दिवसातून एकदाच वळवता यायचा; आता संध्याकाळपर्यंत हलणार नव्हता.

मग त्यांनी घरी फोन लावला. "अहो, उठा, आधी बाहेर पडा! आज खरंच तुमच्या डोक्यावर ठेवलाय."

दिगंबरराव खो खो हसले. "रडका आवाज झकास काढतेस हं!" म्हणाले, आणि फोन बंद करून पांघरुणात शिरले.

बाई फोन लावत राहिल्या. समोरच्या पडद्यावर त्यांच्या छपरावरची साय मंदावली, आणि थांबली.