शिक्षण परिषदेतली पंगत

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या सुभद्राबाईंची जात आडवी आली. त्यांच्या हातची खिचडी नको म्हणून गावकरी मुलांना जेवणाआधीच शाळेतून घरी नेऊ लागले. मुख्याध्यापिका रोहिणीने आसपासच्या शाळांना फोन केले. सगळ्यांचं उत्तर एकच होतं, "गावाशी जमवून घ्या, मॅडम. स्वयंपाकीण बदला."

आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची त्या महिन्याची शिक्षण परिषद तिच्याच शाळेत भरली. दुपारी शिक्षक आपापले डबे उघडू लागले, तसं तिने त्यांना थांबवलं. "सकाळी समतेवर तासभर बोललात. आता सुभद्राबाई वाढतील. कोण बसतंय?"

शिक्षक पुन्हा आपापल्या डब्यांकडे वळले. रोहिणी संतापली. "मग गावात आणि तुमच्यात फरक काय?"

निवृत्तीला आलेले तांदळे गुरुजी व्हरांड्यात मांडी घालून बसले. "वाढा, बाई."

एकेक करत पंगत भरली. मुलांना न्यायला आलेले गावकरी कुंपणाशी उभे राहून बघत राहिले.

रोहिणीने कुणाचे आभार मानले नाहीत. "आज सगळे आहात. उद्या मी पुन्हा एकटीच असणार."

"उद्या मी येतो जेवायला," गुरुजी म्हणाले.

"परवा मी," पलीकडून एक शिक्षिका म्हणाली.

तेव्हा कुठे रोहिणीने आपली ताटली सुभद्राबाईंपुढे धरली.