आबेनच्या रानातला माजोरडा

वॉल्ट उबेनची अंत्ययात्रा दफनभूमीकडे वळली, तरी आबेनच्या रानातला ट्रॅक्टर थांबला नाही.

एनो फोकर्ट्सने गाडीची काच खाली करून नीट पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पेरणारे सगळे थांबले होते. हार्म आयलर्स तर खाली उतरून टोपी छातीशी धरून उभा होता, आणि वॉल्टशी त्याचा एका चरावरून कित्येक वर्षं अबोला होता. आबेनच्या रानातला तो अगडबंब ट्रॅक्टर मात्र शवपेटीच्या गाडीला समांतर, जवळजवळ तिच्याच चालीने, धूळ उडवत शेवटपर्यंत गेला आणि वळून परत आला.

"माणूस आहे का जनावर!" एनोची बायको लव्हिना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठारापाशी कॉफीला जमलेल्यांत दुसरा विषयच नव्हता. मक्याचा भावसुद्धा कोणी काढला नाही.

आयोवातल्या त्या काउंटीत रस्ते सरळसोट, मैलामैलावर काटकोनात छेदणारे. समोरून येणारी गाडी दिसल्यापासून जवळ येईपर्यंत त्या माणसाबद्दल बरंवाईट आठवायला भरपूर वेळ मिळतो. मग ओळख दाखवायला स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, एवढंच. काडीमोड झालेलेही एकमेकांना बोट उचलतात. शेतात कोणी दिसलं तर हात वर करायचा. आबेनच्या वारसांनी रान शिकागोच्या कुणाला तरी विकलं, त्याने हा गडी आणून बसवला, आणि तेव्हापासून सगळी काउंटी हात वर करून करून थकली होती. काळ्या काचेमुळे त्याचा चेहरा कोणीच पाहिला नव्हता. स्वभाव मात्र सगळ्यांना पाठ झाला होता.

"शिकागोचा असणार, दुसरं काय," हार्म म्हणाला.

"शिकागोवाल्यांनाही आई असते रे. काहीतरी शिकवलं असेल ना तिने!" वॉल्टचा भाऊ ड्वेन कडाडला. "माझ्या भावाची पेटी चालली होती, लेका!"

"लव्हिना रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन त्याच्या धुऱ्यावर गेली होती," एनो म्हणाला. "जवळ आला, वळला, गेला. केक तिने तिथेच ठेवला. कावळ्यांनी खाल्ला."

"जेवायला तरी कुठे उतरतो तो?"

"माजोरडा मेला!"

"ओळी मात्र सरळ असतात हां त्याच्या," कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं. सगळ्यांनी तिकडे असं पाहिलं की त्याने कॉफी अर्धी टाकून घर गाठलं.

एनोच्या संतापाला आणखी एक कारण होतं. त्याचे गुडघे गेले होते. मुलगी मिनियापोलिसला लोकांचे दात काढत होती, मातीत उतरणार नव्हती. सुगी झाली की जमीन कुणाला तरी कसायला द्यावी लागणार होती. ही जमीन म्हणजे मूळची दलदल. एनोच्या पणजोबाने कमरेएवढ्या चिखलात उभं राहून कुदळीने चर खणले, भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या, पाणी ओढ्याला काढून दिलं, तेव्हा कुठे तिथे मका उभा राहिला. कोणती नळी कुठून जाते ते एनोला चालता चालता तळपायाला कळायचं. थांबून चार गोष्टी विचारेल अशाच्याच ताब्यात त्याला हे रान द्यायचं होतं. आबेनच्या रानाच्या शिकागोवाल्या मालकाचा, जमीन कसायला द्या म्हणून, दोनदा निरोप आला. एनोने उत्तरच दिलं नाही.

सुगीनंतर कोल्बी टेसमर आला. तो बियाणं विकायचा आणि आसपासची रानं कसायला घ्यायचा. दारातच बूट काढले, लव्हिनाचा खडीसाखरेचा चहा घेतला, तिसऱ्या कपालाही नको म्हटलं नाही. नळ्यांबद्दल त्याने आपणहून विचारलं. एनो विरघळला.

"आबेनच्या रानात बियाणं तूच पोचवतोस ना?" त्याने विचारलं. "तुझ्याशी तरी बोलतो का तो?"

"नाही," कोल्बी म्हणाला. "एक शब्दही नाही."

"आणि तू ऐकून घेतोस?"

"काम चोख आहे हो त्याचं."

"काम गाढवाचंही चोख असतं! हे बघ, रान तुला दिलं. पण एक अट. त्या उद्धट माणसाने माझ्या मातीवर पाऊल ठेवता कामा नये. आमच्या वॉल्टला ज्याने मान दिला नाही, तो माझ्या पणजोबाच्या चरांवरून फिरणार नाही."

कोल्बीने कप बशीत ठेवला. खडीसाखरेचा एक खडा उचलून परत वाटीत टाकला.

"त्याचं पाऊल तुमच्या मातीला लागणार नाही, मिस्टर फोकर्ट्स. शब्द देतो."

दोघांनी हात मिळवले. त्या भागात त्याहून पक्कं काही नसतं. एनो हिवाळाभर शांत झोपला. कोठारापाशी त्याने ही अट इतक्यांदा सांगितली की लोक ती त्याच्याबरोबर म्हणू लागले.

मे महिन्यात, सकाळची न्याहारी चालू असताना, लव्हिना खिडकीपाशी गेली आणि तिने एनोला हाताने खूण करून बोलावलं. एनो उठून तिच्यामागे उभा राहिला.

तोच ट्रॅक्टर. तीच काळी काच. त्याच्या रानात.

"टोपी दे माझी," एनो म्हणाला.

"एनो, गुडघे—"

"गेले खड्ड्यात गुडघे!"

पेरलेल्या ओळी तुडवत तो थेट ट्रॅक्टरच्या वाटेत जाऊन उभा राहिला. ट्रॅक्टर आला, आणि चार हातांवर थांबला.

"हां! आता बरा थांबलास!" एनो ओरडला. "वॉल्टची पेटी चालली होती तेव्हा काय झालं होतं रे? माझ्या बायकोने पहाटे उठून केक केला होता! एवढी माणसं हात वर करतात, ती काय माश्या हाकलतात? आणि तो कोल्बी! माझ्या घरात चहा पिऊन खोटं बोलला! उतर खाली! उतर, तोंड दाखव!"

ट्रॅक्टर नुसता गुरगुरत राहिला. कोणी उतरलं नाही.

एनो एकेक पायरी धरत वर चढला. प्रत्येक पायरीला गुडघा बोंबलत होता आणि प्रत्येक पायरीला एनो आणखी एक शिवी देत होता. दाराची मूठ धरून त्याने सगळं बळ लावून दार उघडलं.

आत कोणीच नव्हतं. सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक अजून कोणी काढलेलं नव्हतं.