अंधार पडला की

सूर्य बुडाला तशी धम्मशीला पडवीत येऊन आढ्याला टांगलेल्या तीन एलईडींकडे टक लावून उभी राहिली. आता पेटतील. छपरावर तळहाताएवढं सोलर पॅनल होतं, त्याला जोडून छोटी बॅटरी आणि एक ट्रान्झिस्टर. उन्हात बॅटरी भरायची, आणि पॅनलवर अंधार पडला की दिवा आपोआप लागायचा. बटण नव्हतंच. सकाळी सोल्डरिंगचा शेवटचा डाग दिल्यावर पॅनल हाताने झाकून बघायचा मोह तिने आवरला होता. पहिला उजेड बाबांसमोरच पडायला हवा होता. मग ती दिवसभर मावशीकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडायला गेली, पण चित्त सगळं घरी.

प्रेमानंदने लेकीला साफ सांगितलं होतं. दिवा पेटला तर चिखलीच्या आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स, नाहीतर गावातला शिवणवर्ग. आयटीआयला नाव टाकायचा उद्या शेवटचा दिवस. आत्ताच जीपमधून उतरून तो बाजेवर बसला होता.

अंधार दाटला. दिवा लागला नाही.

धम्मशीला शिडीवर चढली. मोबाइलच्या उजेडात तिने एकेक जोड ओढून पाहिला. सगळे पक्के. मग बॅटरीला मीटर लावलं. बॅटरी पार उतरलेली. एवढ्या रणरणत्या उन्हात ती भरली कशी नाही?

"माह्यानंच झालं काय व?" खालून तिची माय कलाबाई चाचरत म्हणाली. "ऊन लय होतं. काच तडकन म्हनून म्या दुपारी त्याच्यावर ओलं पोतं टाकलं, रांजनावर टाकतो तसं. मंग निंदाले गेली. आत्ता येऊन काढलं."

धम्मशीलाच्या तोंडाशी आलेला राग तिथेच थांबला. पोतं टाकलं, म्हणजे पॅनलवर अंधार. अंधार, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू. ती धडाधड शिडी उतरली.

"माय, तो पेटला होता. भर दुपारी! जळून जळूनच बॅटरी संपली."

कलाबाईला काही उमगलं नाही. धम्मशीला हसत होती, आणि हसता हसताच तिच्या ध्यानात आलं की माय वावरात, आपण मावशीकडे. घरात कुणीच नव्हतं. पेटलेला दिवा पाहिला कुणी? ती बाबांकडे वळली. बॅटरीत आता एवढासाही उजेड उरला नव्हता.

"म्या पाह्यला, दुपारी घरी आलतो तवा," प्रेमानंद म्हणाला. "तो पाहूनच त चिखलीले गेलो, तुह्यं नाव टाकाले."