सावलीतलं टेबल

थीम पार्कमध्ये कधी आणि कुठे जेवायचं, याचा अभ्यास आमचे चिरंजीव महिनाभर करत होते. एवढा शाळेत केला असता तर!

"लोक मूर्ख असतात," ते सुनेला समजावत होते. "पोटात कावळे ओरडायला लागले की मग जागा शोधतात."

आणि खरंच, भर दुपारी लोक ताटं हातात धरून घिरट्या घालत होते, तेव्हा आमची मंडळी घसरगुंड्यांवरून ओलीचिंब, खिदळत आली आणि थेट सावलीतल्या मोठ्या टेबलाशी बसली.

"एवढ्या गर्दीत टेबल कसं मिळालं हो?" शेजारी ताटकळलेल्या बाईंनी विचारलं.

"प्लॅनिंग!" चिरंजिवांची छाती फुगली.

ते प्लॅनिंग म्हणजे मी. पार्क उघडल्यापासून सगळ्या खुर्च्यांवर पिशव्या मांडून, येईल त्याला "माणसं येतायत" म्हणत बसलेली.

परतताना त्यांनी विचारलं, "मजा आली ना आई? पुढच्या सुट्टीत परत येऊ."

मी पर्समधला रुमाल काढून त्यांच्या हातात ठेवला.

"तेव्हा टेबलावर हा टाक. याला तिकीट लागत नाही."