रविवारी तापणारी फरशी

"काट डाल मियाँ, किस्सा खतम कर," प्रतापराव म्हणाले आणि दोन्ही पाय उचलून त्यांनी स्टुलावर घेतले.

मोईन मिस्त्रीने पक्कड काढली. मे महिना. गौलीगुड्याच्या गच्च्या दिवसभर भाजून निघालेल्या, आणि इथे तिसऱ्या मजल्यावर फरशीही तापायला लागलेली. खालून.

खोटं वाटेल, पण विजेवर तापणारी फरशी अख्ख्या गौलीगुड्यात याच एका घरात होती. चार वर्षांमागे त्यांच्या मुलाने, शिवराजने, कॅनडातून पैसे पाठवून ती घालून घेतली, आईच्या गुडघ्यांसाठी. फरशीखाली तारांचं जाळं, भिंतीवर एक डबी, आणि डबीचा कारभार शिवराजच्या फोनवरही. डिसेंबरात भामाबाई त्या ऊनऊन फरशीवर मेथी निवडत बसायच्या. प्रतापरावांनी खुर्ची पुढे केली तर म्हणायच्या, "तुम्हीच बसा राजावाणी." वीजबिल आलं की प्रतापराव कपाळाला हात लावायचे. पण भामाबाई कुणाचा हात न धरता उठून उभ्या राहिल्या, की गुपचूप बिलाची घडी घालून खिशात ठेवायचे.

गेल्या दिवाळीनंतर भामाबाई गेल्या. त्या थंडीत फरशी कुणी चालू केलीच नाही.

या घरात बापलेक एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. प्रतापरावांचे वडीलही त्यांच्याशी असेच आईमार्फत बोलत. प्रतापराव म्हणत, "विचार तुझ्या लेकाला, परीक्षा कधी आहे." "आई, अण्णांना सांग, सोमवारी." मध्ये चार पावलांचं अंतर. शिवराज परदेशी गेल्यावर अंतर वाढलं, रीत तीच राहिली. भामाबाई गेल्या आणि मधलं माणूसच उरलं नाही. तेरावं उरकून शिवराज निघाला तेव्हा "येतो" म्हणाला. प्रतापराव "हं" म्हणाले. त्यानंतर तीन महिने फोन नाही. प्रतापराव एकट्यापुरता भात लावायचे, तोही उरायचा. शिवराज तिकडे एकटाच असे; पण त्याच्या घरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ऊनऊन फरशी होती, म्हणून त्याची काळजी करायचं प्रतापरावांना कधी सुचलं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी सातला फरशी आपोआप तापली. मग दर रविवारी. खिडकीतून आलेली चिमणी एका पायावर नाचत परत गेली. मांजराने बिऱ्हाड उचललं आणि शेजारच्या रंजनाबाईंकडे नेलं. रंजनाबाई मात्र पापड घेऊन आल्या. स्वयंपाकघरात पसरले, तासाभरात कडकडीत. "भावजी, वहिनींचा जीव अडकलाय या फरशीत," त्या म्हणाल्या. "हात लावू नका तिला. निदान माझ्या कुरडया होईस्तोवर."

शेवटी नाइलाजाने प्रतापराव शिवराजला फोन करत. "फरशी तापली. बंद कर." शिवराज लगेच बंद करत नसे. "आधी बिघाड शोधावा लागेल, अण्णा. देवघरापाशी पाय ठेवा. लागतंय गरम? आता गॅलरीच्या दाराशी. पायाची सूज उतरली का? नाही, सुजलेल्या पायाला गरम कळत नाही, म्हणून विचारलं. जेवायला कुठे बसता? आज काय केलं होतं?" असं पाऊण तास घरभर फिरवल्यावर फरशी बंद होई. एप्रिलचं बिल पुन्हा फुगलं. एकीकडे फरशी तापायची आणि दुसरीकडे ती निववायला कूलर चालायचा. आबिड्सच्या टपाल कचेरीतून मिळणाऱ्या पेन्शनीत असले लाड बसत नव्हते. म्हणून आज मुद्दाम मिस्त्रीला सात वाजता बोलावलं होतं, आणि फोन केला नव्हता.

मोईनने भिंतीवरच्या डबीची बटणं दाबून पाहिली. पुन्हा पाहिली. "साब, मशीन में कुछ खराबी नै."

"तो फिर तपती कैसी?"

"कोई तो फोन पे से चालू कर रा. हर इतवार, सात बजे. इसमें सब लिख के आता."

प्रतापराव हसले. "वो फोन मेरे बेटे के पास है मियाँ. उसको क्या पड़ी है?"

मोईनने खांदे उडवले. डबीवर फरशी किती तापवायची त्याचा आकडा होता, तीस. सव्वासातला एकतीस झाला. साडेसातला चौतीस. मोईन दाराबाहेर जाऊन आपल्या चपला घालून आला. "देखो साब, मेरा हाथ बी नै लगा. उधर सेच बढा रे." छत्तीस. अडतीस. त्याने पक्कड तारेला लावली. "काटूं क्या?"

प्रतापराव आकड्याकडे बघत राहिले. एरवी सात वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन गेलेला असे. आता पावणेआठ झाले होते. एकोणचाळीस. चाळीस.

"नक्को," ते म्हणाले. "ठैर."

त्यांनी पाय खाली सोडले आणि फोन लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"काय अण्णा, परत फरशी?" शिवराजचा आवाज धावत आल्यासारखा होता.

बोलणं पोचवायला मध्ये कुणी नव्हतं.

"फरशीचं काही नाही," ते म्हणाले. "मीच केला, सहज. तू कसा आहेस शिवा?"

भिंतीवर चाळीसचे एकोणचाळीस झाले, मग सदतीस, मग तेहेतीस. कुणी "बंद कर" न म्हणता आकडा खाली उतरत गेला.