कठड्यावरची माणसं

"पिवळ्या पडलेल्या झाडाखाली, पाण्यालगत. खंड्या," मोठ्या बाई म्हणाल्या आणि कठड्यावर रेललेल्या सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

तिनेही वळवली. दिसला. निळा होता. तिने मान हलवली तेव्हा कुठे बाईंचं समाधान झालं. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोरच्याला कळलं की नाही याची खात्री केल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत.

नदी इथे दोन उंच कड्यांमधून जायची. पानगळ लागली की बाहेरचे पक्षी दरीत उतरायचे आणि ही मंडळी रोज सकाळी कठड्याला येऊन चिकटायची. ज्याला पक्षी दिसेल त्याने आधी जागा सांगायची, मग नाव, असा त्यांचा शिरस्ता होता. नाव आधी घेतलं की माणसं सैरभैर होतात आणि पक्षी हातचा जातो, असं दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं. दाढ उपटतानासुद्धा डॉक्टर इतके गंभीर होत नसतील.

पंधरवड्यापूर्वी तिचा नवरा घरातून निघाला तो परत आलाच नाही. त्याची स्कूटर या कठड्यापाशी मिळाली, किल्ली तशीच लटकत होती. तेव्हा अवकाळी पाऊस कोसळत होता, नदीला पूर होता. पोलिसांनी गळ टाकून पाहिले आणि हात टेकले. पण कठड्यासमोरच बसचा थांबा होता, त्यामुळे घरात सगळ्यांनी एकच धरून ठेवलं होतं की तो बसने गेला. डोक्यात राख घालून गेलाय, राग उतरला की येईल. सासूबाई रोज त्याचं जेवण झाकून ठेवायच्या आणि तिच्याकडे बघायच्या. शेजारणी आडून आडून विचारायच्या, भांडण झालं होतं का?

झालं होतं. गळक्या नळावरून. आता तेवढ्यावरून कुणी घर सोडतं का, हे तिने स्वतःला इतक्यांदा विचारलं होतं की प्रश्नाचा अर्थच उरला नव्हता. तिला रडू येत नव्हतं. भांडी घासताना पाणी गार आहे की गरम, तेही कळायचं नाही.

कठड्यावरची माणसं मात्र तिला काही विचारत नसत. पहिल्या दिवशी ती नुसतीच पाण्याकडे बघत उभी होती, तेव्हा डॉक्टरांनी आपली जुनी दुर्बीण तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "वहिनी, समोरच्या खडकावर, शेपटी हलवतोय तो. धोबी पक्षी." तेव्हापासून ती रोज यायची. दीर तिला त्याच स्कूटरवर सोडायचा आणि थांब्याच्या बाकावर, दरीकडे पाठ करून, मोबाइल बघत बसायचा.

आजही उतरताना तो म्हणालाच होता, "वहिनी, रोज कशाला हे? दादा काय दरीत बसलाय का?"

रात्रीतून पाणी आणखी ओसरलं होतं. वळणावरचे दगड उघडे पडले होते, सगळे एकाच रंगाचे, चिखलाने माखलेले.

"गिधाडं!" डॉक्टर एकदम ओरडले. शिरस्ता मोडून, नाव आधी. "अहो बाई, गिधाडं! खाली उतरतायत. आली हो परत."

कधी काळी या कड्यांवर गिधाडांची वस्ती होती. ती गेली ती गेलीच. डॉक्टर तरुणपणापासून त्यांची वाट बघत होते आणि आता त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं.

मोठ्या बाईंनी त्यांचं कोपर धरलं. नुसतं धरलं. डॉक्टर बोलायचे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, ते कसं आवरावं हे त्यांना सुचत नसावं. एकेक दुर्बीण खाली आली.

"कुठे?" तिने विचारलं.

मोठ्या बाई दुर्बिणीची काच पदराने पुसू लागल्या.

"डॉक्टर, कुठे आहेत?"

"वहिनी, आज धुकं आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या बघू."

ऊन लख्ख पडलं होतं. तिने आपली आपणच दुर्बीण फिरवली. गिधाड मोठा पक्षी, तो शोधायला शिकावं लागत नाही. वळणावर, दोन दगडांच्या मधे ती उतरली होती आणि एकमेकांना पंखांनी ढकलत होती. त्यांच्या पुढ्यात काय होतं ते दगडाआड होतं.

आता तरी रडू येईल म्हणून ती थांबून राहिली. आलं नाही. एवढंच मनात आलं, की म्हणजे तो बसने गेला नव्हता. तिला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटतंय हे लक्षात आलं, तरी तिला लाज वाटली नाही.

डॉक्टरांचं ओरडणं ऐकून दीर रस्ता ओलांडून आला. "काय झालं?" त्याने विचारलं. मोठ्या बाईंनी मान फिरवली. मग तो कठड्यावरून वाकला. त्याला दुर्बिणीची गरज पडली नाही.

मग तो मागे सरकला. त्याने रस्त्याकडेचा एक दगड उचलला आणि हात मागे नेला.

"हुसकून लावतो त्यांना," तो म्हणाला. "आधी हुसकून लावतो."

तिने त्याचं मनगट धरलं. तिचा हात स्थिर होता.

"नको, भावजी," ती म्हणाली. "पोलीस येईपर्यंत बसू द्या त्यांना. उडाली, तर तो सापडायचा नाही."