कोरड्या विहिरीतला आवाज

विहीर आटली म्हणून धोंडूअण्णांनी बंगळुराजवळच्या सर्जापूर रस्त्यालगतची वडिलोपार्जित जमीन कारखान्याला विकली. उद्या सकाळी ताबा द्यायचा होता. बंगळुरात रेडिओ दुरुस्त करणारा भाचा उमाकांत त्या दुपारी टेपरेकॉर्डर आणि कर्णा घेऊन आला. "मामा, शेताचा आवाज तरी सोबत नेऊ," तो म्हणाला. सगळं घर बांधावर बसून वारा, पाखरं, बैलांच्या घुंगरमाळा ऐकत होतं. मग त्यानं कोरड्या विहिरीत मायक्रोफोन सोडला आणि कर्ण्यातून खळखळ ऐकू आली. धोंडूअण्णा विहिरीत उतरले, दगडाला कान लावून वर आले. "पाणी आहे. कातळामागं वाहतंय." त्यांची बायको तुळसाक्का किंचाळली, "मग जमीन विकली कशापायी?" ओशाळून उमाकांतनं यंत्र बंद करायला हात पुढे केला. अण्णांनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे. सकाळपर्यंत हे पाणी आपलंच आहे."